शोधगंगेत न सापडलेली ओवी

माझ्यापाशी ना विद्यापीठाची नोकरी, ना ओळखपत्र. म्हणूनच गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट'ची शोधगंगा मला मोलाची वाटते. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत बंधनकारक केली आणि माझ्यासारख्यांना प्रबंध घरबसल्या वाचता येऊ लागले.

मात्र लोकगीतांवरच्या एका मराठी प्रबंधात मी 'ओवी' हा शब्द शोधला, तर एकही उल्लेख मिळेना. प्रत्यक्षात पानोपानी ओव्याच होत्या! मजकूर युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला. संगणकाच्या लेखी ती निरर्थक रोमन अक्षरे.

प्रबंध अपलोड करून घेणे एवढेच तंत्रसाहाय्य नव्हे. विद्यापीठाने संशोधकाला टंकलेखनाच्या पहिल्या पानापासून मदत करायला हवी. नाहीतर झालेले काम पुढच्या अभ्यासकाला सापडणारच नाही.