विंचवाचं विषही पेप्टाइडच असतं

गुडघेदुखी, सुरकुत्या, केस गळणं, थकवा. सगळ्यांवर एकच उपाय म्हणून 'पेप्टाइड थेरपी' सुचवणाऱ्या जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. त्यातला एक युक्तिवाद मला फार खटकतो: पेप्टाइड्स शरीरात असतातच, म्हणजे ती नैसर्गिक आणि म्हणून सुरक्षित.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ. इन्सुलिन ५१ मण्यांची, सेमाग्लुटाइड ३१ची. आणि आपल्याकडे जांभ्याच्या चिऱ्यांच्या फटीत बसलेल्या लाल विंचवाच्या विषातला घातक भागही अशाच माळांचा, साधारण साठेक मण्यांच्या. अगदी नैसर्गिक! मज्जातंतूंवरची सोडियमची दारं त्यांच्यामुळे नीट मिटत नाहीत, शरीरात अॅड्रेनॅलिनसारख्या रसायनांचा पूर येतो, रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. यावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुजवलेला उपाय म्हणजे प्राझोसिन, रक्तदाबाची साधी गोळी. पेप्टाइड नव्हेच. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत, ते प्रमाण १ टक्क्यापर्यंत खाली आलं.

पण मला जास्त आवडतो तो त्यांचा २०११चा 'बीएमजे'मधला अभ्यास. प्राझोसिन काम करत असतानाही त्यांनी विचारलं, सोबत प्रतिविष दिलं तर? ७० रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गटांत वाटलेले. १० तासांत पूर्ण बरे झाले प्रतिविषाच्या गटात ३५ पैकी ३२, नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८. उणिवा आहेतच: एकच रुग्णालय, रुग्ण थोडे, आणि कोणाला काय दिलंय हे डॉक्टरांना माहीत. तरी तुलनेला दुसरा गट होता, आणि आकडे कोणालाही तपासता येतात.

आता हीच फूटपट्टी बीपीसी-१५७ला लावा. सांधे आणि स्नायूंच्या दुखापतींसाठी ते जोरात विकलं जातं. १५ मण्यांची माळ. त्यावरचे बहुतेक प्रयोग उंदीर-घुशींवरचे, तेही बरेचसे झाग्रेबच्या एकाच गटाचे. माणसांवरचा असा मोठा, तुलनात्मक अभ्यास नाही. अमेरिकेच्या एफडीएची औषध म्हणून मान्यता नाही, आणि २०२२पासून खेळाडूंना त्यावर बंदी आहे. उंदराची शिर जुळली म्हणून तुमच्या आईचा झिजलेला गुडघा सुधारेल, हे कुठून आलं?

म्हणजे पेप्टाइड्स थोतांड आहेत का? अजिबात नाही. इन्सुलिनने शंभर वर्षं माणसं जगवली. सेमाग्लुटाइड हजारो रुग्णांवर तपासूनच बाजारात आलं, आणि त्याचेही मळमळ-उलट्यांसारखे त्रास पाकिटातल्या कागदावर छापलेले असतात.

गोळ्या-पावडरींबद्दल एवढंच: पोटाला पेप्टाइड आणि डाळीतलं प्रथिन यांत फारसा फरक कळत नाही, दोन्ही तुटतात. सेमाग्लुटाइडची गोळी करताना खास शोषणवर्धक घालावा लागला, ती उपाशीपोटी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची, आणि तरी जेमतेम १ टक्का रक्तात पोचतं. तेव्हा पावडरवाल्याला आधी विचारा, तुमचं किती पोचतं, आणि ते कोणी मोजलं?