पत्ता कोणाच्या वहीत? : स्वतंत्र निर्मितीच्या वितरणाविषयी

स्वतंत्रपणे लिहिणाऱ्या, गाणाऱ्या, चित्रे काढणाऱ्या माणसाला इंटरनेटवर आता भरपूर 'पर्याय' आहेत, असे गेली वीस वर्षे आपण ऐकत आहोत. पर्याय नेमका कशाला, हे मात्र क्वचितच विचारले जाते. चर्चा बहुधा टक्केवारीवर थांबते: अमुक ठिकाणी तीस टक्के कापतात, तमुक ठिकाणी दहा. टक्केवारीला महत्त्व आहेच. पण वितरणाची कोणतीही व्यवस्था तपासताना मला दोन प्रश्न त्याहून मोलाचे वाटतात. वाचकाचा पत्ता कोणाच्या वहीत आहे? आणि पैसा ज्या वाटेने येतो, ती वाट बंद करण्याचा अधिकार कोणाकडे आहे?

हे प्रश्न आपल्याला परके नाहीत. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आजपर्यंत नियतकालिकाचा खरा ऐवज म्हणजे वर्गणीदारांची यादी. छापखाना बदलता येतो. यादी हरवली की सगळेच संपते. पुढे अनियतकालिकवाल्यांनी रूढ वाट सोडून सायक्लोस्टाइल केलेली पाने हातोहात दिली. वाचक मोजके होते, पण ते कोण आहेत हे काढणाऱ्याला ठाऊक असे.

इंटरनेटवरचा पहिला मोठा प्रयोग स्टीफन किंग यांनी २००० साली केला. 'द प्लांट' ही कादंबरी त्यांनी स्वतःच्या संकेतस्थळावरून हप्त्याहप्त्याने दिली. उतरवून घेणाऱ्यांपैकी पंचाहत्तर टक्के लोकांनी पैसे भरले तर पुढचा भाग, असा सौदा होता. सुरुवातीला लोकांनी तो पाळला. चौथ्या भागाला पैसे देणारे निम्म्याहून कमी उरले. सहाव्या भागानंतर किंग थांबले आणि कादंबरी आजही अपुरी आहे. हा प्रयोग फसला असेच सर्वत्र लिहिले जाते. पण त्यातून किंगना साडेचार लाख डॉलरांहून अधिक नफा झाला, ही गोष्ट त्याच दमात कुणी सांगत नाही. माझ्या मते तिथे अडचण वाचकाच्या बेइमानीची नव्हती. पैसे न देणारा एक वाचक पैसे देणाऱ्या तिघांना शिक्षा घडवून आणतो, ही अटच चुकीची होती.

बँडकॅम्पने ती चूक टाळली. २००८ साली सुरू झालेल्या या ठिकाणी संगीतकार किंमत ठरवतो, ऐकणाऱ्याला हवे तर जास्त देता येते, आणि विकत घेतलेली फाइल त्याची होते. डिजिटल विक्रीवर पंधरा टक्के, ध्वनिमुद्रिका-सदऱ्यांसारख्या वस्तूंवर दहा. २० मार्च २०२० रोजी, साथीत कार्यक्रम बंद पडले असताना, त्यांनी एक दिवस आपला वाटा सोडला. पुढे असे शुक्रवार नेमाने पाळले गेले. याच्या शेजारी स्पॉटिफायचा नियम ठेवून पाहावा: २०२४पासून, वर्षभरात हजारापेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला मानधनच नाही. नवख्या गायकाच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणांतले अंतर टक्केवारीत मावणारे नाही.

तरीही बँडकॅम्पची कथा इथे संपत नाही. २०२२ साली ते एपिक गेम्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीने विकत घेतले. पुढच्याच वर्षी तिथल्या कर्मचाऱ्यांनी संघटना बांधली, आणि त्याच वर्षी कंपनी साँगट्रेडरला विकली गेली. सुमारे निम्म्या लोकांची नोकरी गेली. संगीतकारांचा पंधरा टक्क्यांचा करार तसाच राहिला, पण दुकान दोनदा हातांतरित होताना त्यांना विचारले कुणी नाही. ज्यांनी आपल्या ग्राहकांचे ई-मेल पत्ते वेळीच उतरवून घेतले होते, त्यांना निदान रात्री झोप लागली असेल.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इच डॉट आयओने दिले, फार कडू उत्तर. लहान खेळ, चित्रकथा, पुस्तिका विकणारे हे ठिकाण २०१३चे. दुकानाला किती वाटा द्यायचा हे विक्रेताच ठरवतो. शून्य ठेवला तरी चालतो. याहून उदार मालक मिळणे कठीण. पण जुलै २०२५मध्ये पैशांची देवघेव करणाऱ्या कंपन्यांचा दबाव आला आणि प्रौढांसाठीच्या कृती एका रात्रीत शोधातून अदृश्य झाल्या. निर्मात्यांना आधी सूचनाही मिळाली नाही. मोफत कृती काही दिवसांनी परत दिसू लागल्या. त्या कृतींचा दर्जा काय, हा इथे मुद्दा नाही. दुकानदार सज्जन असूनही गल्ल्याची किल्ली तिसऱ्याच्या कमरेला होती, एवढे पुरे.

आपल्याकडे ई साहित्य प्रतिष्ठान मराठी पुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य पोहोचवते. मोबदल्यात वाचकाकडून मागणी एवढीच, की वाचून झाल्यावर लेखकाला फोन करावा. आमच्या साहित्यव्यवहारात या कल्पनेची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही. पुस्तकात लेखकाचा संपर्क देणे म्हणजे वही लेखकाच्या हाती देणेच आहे. उणीव उघड आहे: कौतुकाच्या फोनवर घर चालत नाही. विनामूल्य देण्याची आपल्याला सवय लागली आहे, आणि संस्थेचे छप्पर नसलेल्या अभ्यासकाला ती सर्वांत महाग पडते.

पैशाची वाट मात्र आपल्याकडे पाश्चात्त्यांपेक्षा सोपी आहे. २०१६ साली आलेल्या यूपीआयमुळे वीस रुपयांची कथा विकणे शक्य झाले. बँक खात्यातून थेट दिलेल्या पैशावर दलाली जात नाही. उलट, दरमहा वर्गणी कार्डातून आपोआप कापणारी परदेशी ठिकाणे १ ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांमुळे इथे अडखळली. अनेकांची वर्गणी नकळत थांबली. पण यूपीआयमध्ये पैसे येतात आणि वाचक येत नाही. खात्यात नाव दिसते, पुढचे पुस्तक कळवायला पत्ता नसतो. व्हॉट्सअ‍ॅपची प्रसारण यादीही ज्यांनी आपला क्रमांक साठवला आहे त्यांच्यापुरतीच चालते.

म्हणून लहान प्रकाशकांनी आणि स्वतःच पुस्तिका काढणाऱ्यांनी क्यूआर चौकोनाखाली एक ओळ छापावी: पैसे पाठवल्यावर आपले नाव व ई-मेल अमुक क्रमांकावर कळवावे. आलेले पत्ते महिन्याकाठी उतरवून घ्यावेत. साध्या खतावणीत घेतले तरी चालतील.