दासी, धनी आणि आमचा प्रश्न

ख्रिस्ती ईशज्ञान आणि तत्त्वचिंतन यांच्या संबंधाचा प्रश्न दलित साहित्याच्या त्रैमासिकात कशासाठी, अशी शंका काही वाचकांना येईल. हा वाद युरोपातल्या मठांचा आणि विद्यापीठांचा. आपल्याकडे पाण्याचा, जमिनीचा, स्मशानाचा प्रश्न अजून उभा असताना असली चर्चा म्हणजे पोट भरलेल्यांची करमणूक. ही शंका मी खोटी मानत नाही. पण जोतीराव 'निर्मिक' हा शब्द घडवतात तेव्हा, आणि बाबासाहेब न्याय व उपयुक्तता या कसोट्यांवर धर्म घासून पाहतात तेव्हा, ते दोघेही याच वादाच्या भूमीवर उभे असतात. आपण त्यांची नावे घेतो, भूमी पाहत नाही. शिवाय ज्या आमच्या भाऊबंदांनी येशूचा स्वीकार केला त्यांच्याशी आमचे बोलणे गेली कित्येक वर्षे जवळजवळ बंद आहे. ते बोलणे सुरू करायचे तर कुठल्या भाषेत करायचे, हाही प्रश्न याच वादाचा भाग आहे.

जुन्या ख्रिस्ती परंपरेत या संबंधासाठी एक रूपक रूढ झाले: तत्त्वज्ञान ही ईशज्ञानाची दासी. अकराव्या शतकात पीटर डेमियनने ते वापरले, तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने इतर शास्त्रांना ईशज्ञानाच्या दासी मानून त्याला शास्त्रीय बैठक दिली. बुद्धीने ईश्वराचे अस्तित्व सिद्ध करता येते. पण त्रैक्य, अवतार, तारण ही सत्ये ईश्वराने स्वतः प्रकट केल्याखेरीज कळत नाहीत. म्हणून बुद्धीने अंगण झाडावे, उंबरठ्यापर्यंत यावे आणि तेथे थांबावे, असा हा हिशेब आहे. पुण्यात नगर रस्त्यावर ज्ञानदीप विद्यापीठ आहे. तेथे होणाऱ्या फादरांना आधी तत्त्वज्ञान शिकवतात, मग ईशज्ञान. एका फादर मित्राने मला हे दासीचे लॅटिन वचन मोठ्या कौतुकाने सांगितले. त्याला त्यात काही खटकत नव्हते. मला मात्र विचारावेसे वाटले, की या वाड्यात दासीच्या बाजूने कोणी कधी बोलले आहे काय?

इमॅन्युएल कांटने १७९८ मध्ये या रूपकाची थट्टा केली. दासी खरी, पण ती धनिणीच्या पुढे मशाल धरून चालते, की मागून तिच्या वस्त्राचा घोळ सावरीत चालते, असे त्याने विचारले. युरोपातल्या विचारवंतांना ही कोटी फार आवडते. बुद्धी पुढे चालते म्हणजे ती मुक्त झाली, असा तिचा अर्थ लावला जातो. आमच्या भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत मशाल घेऊन पुढे चालण्याचे काम कोणाचे होते? महाराचे. अंमलदार आला की येसकराने पुढे व्हायचे, वाट दाखवायची, ओझे वाहायचे, गावाच्या वेशीपर्यंत पोचवायचे. माझे आजोबा हे करीत. ते पुढे चालत होते म्हणून मोकळे नव्हते. मशाल वेठीची होती, वाट धन्याची होती. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला तेव्हा हे काम कागदावर संपले. म्हणून मला कांटची कोटी अपुरी वाटते. पुढे की मागे हा मुद्दाच नव्हे. वाट कुठली धरायची हे कोण ठरवतो, आणि 'मी येत नाही' असे म्हणण्याची सोय दासीला आहे की नाही, हा मुद्दा आहे.

आता आपल्या मुलखात ही दासी कोणकोणत्या वाड्यांत राबली ते पाहू.

रॉबर्ट दि नोबिली हा इटालियन जेझुइट १६०६ मध्ये मदुराईत पोचला. त्याने संन्याशाचा वेष घेतला, ब्राह्मणांत मिसळला, खालच्या जातींपासून अंतर राखले. त्याच्यावर टीका झाली तेव्हा त्याने एक तात्त्विक भेद पुढे केला: जानवे, शेंडी, गंध ही सामाजिक चिन्हे आहेत, धार्मिक नव्हेत, म्हणून ख्रिस्ती झालेल्याने ती ठेवली तरी श्रद्धेला बाध येत नाही. १६२३ मध्ये पोपने त्याची बाजू बव्हंशी मान्य केली. पुण्यातल्या जेझुइटांच्या विद्यालयाला आज याच नोबिलीचे नाव आहे. त्याच्या विद्वत्तेबद्दल मला आदर आहे. तमिळ आणि संस्कृत इतक्या मन लावून शिकणारे परदेशी थोडे. पण या एका भेदाने काय झाले ते पाहावे. 'सामाजिक' आणि 'धार्मिक' अशी रेघ ओढली आणि जात रेघेच्या अलीकडे टाकली, की ईशज्ञानाला जातीविषयी बोलण्याचे कारणच उरत नाही. चर्चमध्ये वेगळी बाके, वेगळी दफनभूमी, वेगळी लग्ने, हे सारे त्या रेघेच्या आडोशाला वाढले. येथे तत्त्वज्ञान खरोखरच दासी होते, आणि तिला सांगितलेले काम होते दार लावून घेण्याचे.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त नेमकी हीच रेघ पुसली. जात ही केवळ सामाजिक सोय नाही, तिला शास्त्रांच्या पावित्र्याचा आधार आहे, तो आधार मोडल्याशिवाय ती मोडणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद हिंदू सुधारकांना उद्देशून होता. पण तो नोबिलीलाही तितकाच लागू पडतो.

नीलकंठशास्त्री गोरे हे दुसरे उदाहरण. हा चित्पावन पंडित १८४८ मध्ये ख्रिस्ती झाला, नेहेम्या गोरे म्हणून ओळखला गेला. त्याचे 'षड्दर्शन दर्पण' १८६० चे. दोन वर्षांनी त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. सहा दर्शने एकेक करून घ्यायची आणि तर्काने त्यांचे खंडन करायचे, ही त्याची पद्धत. पांडित्य मोठे आहे. परंतु पुस्तकाच्या नावापाशीच मी थांबतो. सहा दर्शने कोणती? जी वेद मानतात ती. बुद्ध, महावीर, चार्वाक या यादीत नाहीत. ब्राह्मणांनी ठरवलेल्या यादीला ब्राह्मणाने ख्रिस्ती झाल्यावरही हात लावला नाही. शत्रू बदलला नाही, फक्त बाजू बदलली. भारतात तत्त्वज्ञान म्हणजे काय, हे सांगण्याचा अधिकार ज्याच्याकडे होता त्याच्याकडेच राहिला.

ही सवय जुन्या काळाबरोबर संपली असे कोणी म्हणू नये. श्रद्धा आणि बुद्धी यांच्या संबंधावरचे दुसरे जॉन पॉल पोप यांचे परिपत्रक १९९८ चे. त्यात भारताचा गौरवाने उल्लेख आहे. स्थळकाळाच्या बंधनातून आत्म्याला सोडवू पाहणारी येथली थोर तत्त्वदर्शने ख्रिस्ती विचाराने समजून घ्यावीत, असे आवाहन आहे. आवाहन प्रामाणिक आहे. पण स्थळकाळाचे बंधन! आमच्या माणसांना बांधले होते ते स्थळाने, म्हणजे गावकुसाबाहेरच्या वस्तीने, आणि काळाने, म्हणजे येसकरपाळीने. त्या बंधनातून सुटण्याचा विचार ज्यांनी केला त्यांचे विचार तत्त्वदर्शनात धरायचे की नाही, यावर तो परिच्छेद गप्प आहे.

याच्या अगदी उलट टोक आमच्याच तालुक्यात होते. टास्मानियातल्या चार्ल्स रीव्ह यांनी १८९३ मध्ये 'पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन' काढले आणि त्याचे ठाणे भोर संस्थानातल्या नसरापूरला झाले. संस्थान पंतसचिवांचे, म्हणजे ब्राह्मण राजाचे. जवळच पेशव्यांच्या काळातले बनेश्वराचे देऊळ. आणि मध्ये हे गोरे प्रचारक. त्यांना तत्त्वज्ञानाची गरज वाटत नव्हती. बायबल, पाप, पश्चात्ताप, तारण, एवढे पुरेसे. युरोपात पुढे १९३४ मध्ये कार्ल बार्थने निसर्गावरून वा बुद्धीवरून ईश्वराकडे जाणाऱ्या ईशज्ञानाला ठणकावून नकार दिला. खेड्यातल्या मिशनरींनी तो नकार न मांडता आधीच आचरणात आणला होता. नसरापूरच्या बाजाराला आलेल्या मावळ्याशी साध्या मराठीत बोलणे, ही त्यांची जमेची बाजू. षड्दर्शनांत ते अडकले नाहीत.

पण शब्द मोकळ्या रानात पडत नाहीत. 'तू पापी आहेस' हे वाक्य ब्राह्मणाच्या कानाला हादरा देते. महाराच्या कानाला ते जुनेच वाटते, कारण मागल्या जन्मीच्या पापाने तू या जातीत आलास, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले होते. वास्तविक पौलाच्या शिकवणीत सर्वच माणसे पापी आहेत, पंतसचिवही आणि येसकरही. त्यात एक भयंकर समता आहे. ती समता कर्मविपाकापासून सोडवून, फोड करून सांगायला हवी होती. त्यासाठी 'पाप' म्हणजे काय, जबाबदारी कोणाची, जन्माचा आणि अपराधाचा संबंध काय, असे प्रश्न विचारणे भाग होते. म्हणजेच तत्त्वचिंतन करणे भाग होते. ते हाकलून दिल्यामुळे मनूचा अर्थ येशूच्या शब्दात गुपचूप शिरला. भोर-वेल्ह्यात आज बौद्ध वस्त्या जागोजागी आहेत, ख्रिस्ती वस्ती शोधावी लागते. याला इतर कारणे पुष्कळ आहेत. मुंबईच्या गिरण्यांतून गावी आलेली चळवळ हे त्यातले सर्वांत मोठे. तरी हेही एक कारण असावे असे मला वाटते. (वेल्हे तालुक्याचे आता राजगड असे नामांतर झाले आहे. आमच्या तोंडी वेल्हेच राहिले आहे.)

नोबिली-गोरे यांच्या वाटेला दर्शने होती, माणूस नव्हता. नसरापूरच्या वाटेला माणूस होता, प्रश्न नव्हते. तिसरी वाट पुण्यातच निघाली. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, १८४७ मध्ये त्यांनी टॉमस पेन वाचला. निर्माणकर्ता एक आहे आणि त्याने सर्वांना सारखे हक्क दिले आहेत, एवढे त्यांनी ख्रिस्ती शिकवणुकीतून आणि पेनकडून घेतले. एकाच ग्रंथात सारे सत्य प्रकट झाले आहे, हे मात्र घेतले नाही. १८९१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात एकाच घरात बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी अशी कल्पना आहे. हे घर नीट पाहावे. त्यात कोणताही धर्मग्रंथ धनी नाही आणि बुद्धी कोणाची दासी नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही इंग्लंडातल्या आपल्या धर्मगुरूंशी त्रैक्यावरून आणि चर्चच्या अधिकारावरून वाद घातला, एका पुरोहितवर्गाचे जू फेकल्यावर दुसरे मानेवर घेणार नाही असे कळवले. त्या ख्रिस्ती राहिल्या, पण दासी झाल्या नाहीत. एवढ्यावरून मला वाटते, की श्रद्धा आणि स्वतंत्र बुद्धी एकत्र नांदूच शकत नाहीत, हे आपल्याकडच्या काही उत्साही नास्तिकांचे म्हणणे घाईचे आहे.

बाबासाहेबांचे 'हिंदुत्वाचे तत्त्वज्ञान' हे हस्तलिखित १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने छापले. त्यात त्यांनी जे केले ते मला या सगळ्या वादात सर्वांत महत्त्वाचे वाटते. प्रिंगल-पॅटिसन या स्कॉटिश तत्त्वज्ञाचा आधार घेऊन ते ईशज्ञानाचे प्रकार मांडतात, प्रकटीकरण बाजूला ठेवतात आणि निसर्गाधारित ईशज्ञानाची तीन सूत्रे घेतात: ईश्वर आहे, तो सृष्टी चालवतो, आणि मानवजातीवर त्याचे नैतिक शासन आहे. मग विचारतात, हे शासन कोणत्या आदर्श समाजव्यवस्थेच्या रूपाने दिसते, आणि ती व्यवस्था न्यायाला व उपयुक्ततेला उतरते काय? म्हणजे मशाल धरणाऱ्याने येथे वाट ठरवली. ख्रिस्ती ईशज्ञानाने स्वतःसाठी घडवलेले माप त्यांनी उचलले आणि मनुस्मृतीला लावले. तेच माप उलटून चर्चलाही लावता येते, आणि धर्मांतरितांच्या स्थितीवर लिहिताना त्यांनी ते लावलेही. जात पोटात घेणारा धर्म कोणत्याही देवाचा असला तरी या मापात नापास होतो.

आता अरविंद निर्मल. मराठी मुलखातल्या या ख्रिस्ती विचारवंताने १९८१ मध्ये बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शूद्र ईशज्ञानाची मागणी केली आणि पुढे तिला दलित ईशज्ञान हे नाव दिले. भारतीय ख्रिस्ती विचार ब्राह्मणी परंपरेशीच बोलत बसला, हा त्यांचा आरोप अचूक आहे. जुन्या करारातल्या अनुवादाच्या पुस्तकात इस्राएली माणूस आपल्या भटक्या पूर्वजाचे स्मरण करून देवाचे आभार मानतो. निर्मल म्हणतात, माझ्या दलित पूर्वजाला भटकण्याचेही स्वातंत्र्य नव्हते. हे वाचताना आपल्या कवितेतला स्वर ऐकू येतो, आणि ते स्वाभाविकच आहे. वेदना ही सिद्धान्ताच्या आधी येते, वेदनेतच देव कळतो, अशी त्यांची भूमिका.

येथे माझा त्यांच्याशी मतभेद आहे. वेदना आधी येते हे मान्य. पण तीच वेदना माझ्या वडिलांना १९५६ नंतर बुद्धाकडे घेऊन गेली, जो स्वतःला केवळ वाट दाखवणारा म्हणवतो, तारणारा नव्हे. एकाच वेदनेतून एकाला दुःख भोगणारा देव दिसतो, दुसऱ्याला देव नाही असे दिसते. दोघांचीही वेदना खरी आहे. तेव्हा वेदना प्रश्न निर्माण करते, उत्तराची खात्री देत नाही. निर्मल पुढे म्हणतात, की दलित ईशज्ञान दलितांनीच मांडावे. उसन्या आवाजांचा आपण घेतलेला अनुभव पाहता ही मागणी मला समजते. पण मग ख्रिस्ती दलित आणि बौद्ध दलित यांच्यात निवाडा कुठे व्हायचा? 'मी भोगले आहे' हे दोघांचेही उत्तर असणार. तेथे तपासण्याची एक सामाईक जागा लागते, जिथे प्रकटीकरणाची सनद चालत नाही आणि भोगल्याची सनदही पुरत नाही. माझ्यापुरते तत्त्वज्ञान म्हणजे ती जागा. भोरहून वरंध घाट उतरला की महाड लागते. १९२७ मध्ये तेथे जे तळे लोकांनी खुले केले ते कोणा देवाचे म्हणून नव्हे, सार्वजनिक म्हणून.

ही जागा आपल्यालाही अवघड आहे, हे सांगितले पाहिजे. ख्रिस्ती बंधूंना 'तुमचे त्रैक्य बुद्धीला उतरवून दाखवा' असे म्हणणारे आपण, बाबासाहेबांचा शब्द आला की चर्चा बंद करतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा १९५७ चा ग्रंथ मी पोथीसारखा वाचला जाताना पाहतो. त्यातल्या पुनर्जन्माच्या किंवा कर्माच्या विवेचनावर प्रश्न विचारला तर विचारणाऱ्याच्या निष्ठेची चौकशी होते. दासी एका वाड्यातून निघून दुसऱ्या वाड्यात कामाला लागली, असा हा प्रकार.

निर्मल यांचे महत्त्वाचे लेखन इंग्रजीत आहे, बाबासाहेबांचे ते हस्तलिखितही मुळात इंग्रजीत. दोन्ही समोर ठेवून ख्रिस्ती आणि बौद्ध दलित तरुणांनी मराठीत एकत्र बसावे, अशी माझी सूचना आहे. पहिला प्रश्न मी सुचवतो: निर्मल यांचा दुःख भोगणारा देव बाबासाहेबांच्या न्यायाच्या कसोटीला उतरतो काय? तो आमच्याबरोबर भोगतो, हे ठीक. पण भोगवणाऱ्याचा हात तो का धरत नाही? आणि याला जोडून दुसरा, जो आम्हा बौद्धांना विचारला जाईल आणि ज्याला तयार उत्तर नाही: हात धरणारा कोणी नाहीच, असे म्हटल्यावर मेलेल्या येसकराला न्याय कोण देणार?