तलच्छंद आणि नक्षीची जुळणी : गोंदेश्वराच्या शिखराच्या निमित्ताने

अनियमित किंवा वक्र पृष्ठभागावर नक्षीचे तुकडे एकाशी एक जुळवून कसे बसवावेत, हा प्रश्न वास्तुरचनेच्या संगणकीय आराखड्यांत नित्य उपस्थित होतो. त्याची रूढ रीत अशी : प्रथम पृष्ठभाग सिद्ध करावा, त्याचे उभे-आडवे समान भाग पाडावेत आणि प्रत्येक भागात एकच नमुना ताणून बसवावा. रीत सोयीची खरी. परंतु तिच्या मुळाशी असलेली कल्पना तपासून घेणे अवश्य आहे. प्राचीन देवालयांच्या प्रतिकृतीही याच साधनांनी तयार होत आहेत, आणि उद्याचा अभ्यासक मूळ वास्तूऐवजी प्रतिकृतीवरूनच अनुमाने काढील, असा संभव आहे.

राइनोसारख्या प्रणालीत प्रत्येक पृष्ठभागास 'यू' आणि 'व्ही' अशा दोन दिशा असतात. या दिशांवरील समान भाग प्रत्यक्ष लांबीने समान असतातच असे नाही. शिवाय अनेक पृष्ठभाग सांधून केलेल्या आकारात प्रत्येकाच्या दिशा स्वतंत्र असल्यामुळे एका भागावरील रेषा शेजारच्या भागावर तुटते. दोष सर्वस्वी यंत्राचा नव्हे. दोन्ही दिशांनी वळलेला पृष्ठभाग मापे न बदलता सपाट करता येत नाही, हे गाउसने १८२७ मध्येच दाखवून दिले होते.

नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथील यादवकालीन गोंदेश्वराचे शिखर या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. हे देवालय भूमिज शैलीचे. चार बाजूंस वर चढत गेलेल्या चार लता आणि त्यांच्या मधल्या भागांत लहान शिखरांच्या, म्हणजे कूटांच्या, एकावर एक ओळी, अशी या शैलीची मांडणी असते. ओळीतील कूटांची संख्या कायम राहते. रुंदी घटते तशी ओळीची उंचीही घटते. त्यामुळे कूट लहान होतो, पण विरूप होत नाही. उंचीचे केवळ समान भाग पाडल्यास वरचे कूट उगाच उंच व कृश होतील, हे उघड आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कूटांची उभी ओळ शिखरावर ठरत नाही. खाली भिंतीचे जे भाग पुढे आलेले असतात, त्यांच्याच रेषेत ती वर जाते, आणि दोन ओळींमधील सांधा खाचेत पडतो. अर्थात जुळणी पृष्ठभागावर करावी लागत नाही. ती पायाच्या आखणीतच झालेली असते. शिल्पशास्त्राची परिभाषा येथे मार्मिक आहे. पायाच्या मांडणीस 'तलच्छंद' आणि उभ्या रचनेस 'ऊर्ध्वच्छंद' म्हणतात. पद्यातील छंदही शब्द जुळविल्यावर वरून चढवीत नाहीत. मात्रांची व्यवस्था आधी असते आणि शब्द तीत बसतात.

ग्रासहॉपरसारख्या साधनाने तलरेषेपासून नियमपूर्वक आकार वाढविता येतो; तेव्हा उणीव साधनाची नसून दृष्टीची आहे. मात्र एक सावधगिरी हवी. नियमाने वाढविलेला आकार म्हणजे रचनेचे व्याकरण होय. वास्तूची नोंद नव्हे. नोंद प्रत्यक्ष मोजमापावरूनच झाली पाहिजे. पाथरवटाच्या हाताने पडलेला किंचित फरक नियमासाठी पुसून टाकणे, हे बोलीतील रूप 'अशुद्ध' ठरवून कोशातून वगळण्यासारखेच आहे. म्हणून प्रतिकृतीची परीक्षा करताना नक्षीच्या मध्यभागाकडे न पाहता प्रथम खाचेकडे, म्हणजे सांध्याकडे पाहावे. नियम समजला आहे की नाही, हे तेथेच कळते.