मानाची गदा, माराची गदा



आजचा प्रश्न वाटपाचा आहे. कोणाला काय मिळावं आणि ते का मिळावं, हा न्यायाचा फार जुना प्रश्न. तो आज आपण ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममधल्या तलवारी-चिलखतांच्या निमित्ताने घेणार आहोत. समोर बसलेल्या निम्म्या मंडळींना हे खेळ ठाऊक आहेत, निम्म्यांना नाहीत. ज्यांना नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो.

अशा खेळात इंटरनेटवरून हजारो माणसं एकाच काल्पनिक जगात वावरतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं : कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी जखमा बऱ्या करणारा. पात्राची ताकद दोन गोष्टींनी वाढते. एक त्याची लेव्हल, जी ठरावीक आकड्याला थांबते. दुसरी त्याच्या अंगावरचं गियर, म्हणजे शस्त्र, चिलखत, अंगठ्या, ताईत. लेव्हल थांबली की पुढची सगळी वाढ गियरची. चांगलं गियर असलं की अवघड शत्रू पडतो, आणि तो पडला की आणखी चांगलं गियर मिळतं. ही एक शिडीच आहे. आमचा प्रश्न असा, की या शिडीच्या वरच्या पायऱ्या एकट्याने खेळणाऱ्याला बंद का असाव्यात?

परीक्षणासाठी आम्ही मुख्यतः एकच खेळ घेतो, 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. हा नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाला. त्याआधी १९९९ चा 'एव्हरक्वेस्ट' होता. त्यात काही मोजकी पात्रं सोडली तर टोळीशिवाय पान हलत नसे. वॉरक्राफ्टने ते बदललं. पहिल्या लेव्हलपासून साठाव्या लेव्हलपर्यंत एकटा माणूस आपल्या चालीने जाऊ शकत होता, आणि खेळ एवढा पसरला त्याचं हे एक मोठं कारण. पण साठावी लेव्हल आली की दारावरची पाटी बदलायची. सगळ्यात भारी गियर 'मोल्टन कोर'सारख्या मोहिमांमध्ये, ज्यांना खेळाडू 'रेड' म्हणतात, आणि तिथे ४० माणसं लागायची. ज्याला इतके दिवस एकट्याने चालायला शिकवलं, त्याला आता सांगितलं, बाबा रे, ३९ सोबती घेऊन ये. २००७ मध्ये ४० चे २५ आणि १० झाले. २०११ च्या अखेरीस 'रेड फाइंडर' आला. तो अनोळखी माणसं आपोआप जुळवून देई, पण लढाई सोपी आणि मिळणारं गियर हलकं. दार किलकिलं झालं, उघडलं नाही.

आता एक नेहमीचा टोमणा घेऊ. "एकटंच खेळायचं आहे तर ऑनलाइन येता कशाला?" हा टोमणा माणसाच्या वागण्याचं निरीक्षण न करता मारलेला आहे. निकोलस ड्युशनो, निक यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याच खेळाचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचं नावच 'अलोन टुगेदर?' असं होतं. त्यांना दिसलं ते असं, की पुष्कळ खेळाडू इतरांच्या सोबत खेळत नाहीत, इतरांच्या अवतीभवती खेळतात. बाकीची माणसं त्यांच्यासाठी प्रेक्षक असतात, वर्दळ असतात, करमणूक असतात. यात नवल काय? बाजाराच्या दिवशी दिग्रसात एकटा फिरणारा माणूस एकलकोंडा नसतो. त्याला गर्दी हवी असते, गर्दीतलं कोणी हाताला धरून चालवायला नको असतं.

आणि एकटेपणा नेहमी आवडीने घेतलेला असतो असंही नाही. या खेळाचा भारतासाठी वेगळा सर्व्हर नाही. आपल्या गावचा पोरगा युरोपच्या सर्व्हरवर खेळतो असं धरा. तिकडच्या मंडळींनी हिवाळ्यात रात्री आठला रेड ठेवली, तर पॅरिसच्या घड्याळातले आठ म्हणजे आपले रात्रीचे साडेबारा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे रात्रीचे आठ म्हणजे आपली पहाट, साडेपाच किंवा साडेसहा. सिडनीचे आठ म्हणजे आपली दुपार, जेव्हा पोरगा कॉलेजात नाही तर दुकानात असतो. त्यात ऐन लढाईत लाइट गेली तर उरलेले १९ जण त्याच्या नावाने खडे फोडणार. एकटा असता तर फक्त स्वतःचं नुकसान झालं असतं. पुढे बघा. घरात आजारी माणूस आहे, हाक आली की उठावं लागतं, तो तीन तास सलग कसा बसणार? बाईचा आवाज ऐकला की व्हॉइस चॅटवर ज्यांची जीभ सैल सुटते, त्यांच्यात एखादी मुलगी कशाला जाईल? आणि आमच्यासारखा सत्तरी ओलांडलेला माणूस, ज्याची बोटं कीबोर्डवर विचार करून चालतात, तो विशीतल्या पोरांचा वेग कुठून आणणार? या सगळ्यांना खेळाच्या हिशेबात एकच नाव आहे : सोलो प्लेयर.

आता विरुद्ध बाजू घेऊ, आणि ती तिच्या सगळ्यात बळकट रूपात घेऊ. दुबळ्या रूपातली बाजू पाडण्यात काही पुरुषार्थ नाही. ती बाजू दोन गोष्टी सांगते. पहिली : २० माणसांना एका वेळी एकत्र आणणं, त्यांचे रुसवे काढणं, शंभरदा हरून पुन्हा उभं करणं, हे स्वतःच मोठं श्रम आहे. सगळ्यात कठीण, 'मिथिक' दर्जाच्या रेडची रचना २०१४ मध्ये २० माणसांसाठी ठरवली गेली. या श्रमाचं मोल नको का? आम्ही म्हणतो, हवं. दुसरी गोष्ट जास्त खोल आहे : ज्याला रेड करायची नाही त्याला रेडचं गियर हवं कशाला? इथे ॲरिस्टॉटल त्यांच्या मदतीला येतो. 'पॉलिटिक्स'च्या तिसऱ्या भागात तो बासऱ्यांच्या वाटपाचं उदाहरण देतो. उत्तम बासरी कुलीनाला द्यावी की देखण्याला? त्याचं उत्तर, जो उत्तम वाजवतो त्याला. कारण बासरी वाजवण्यासाठी असते. तसं, भारी तलवार भारी शत्रूसाठी असते. भारी शत्रू रेडमध्ये आहे, म्हणून तलवार रेडवाल्यांना. युक्तिवाद सरळ आहे.

पण हाच युक्तिवाद एक पाऊल पुढे नेऊन बघा. भारी शत्रू फक्त रेडमध्येच का आहे? तो तिथे नेऊन ठेवला कोणी? निसर्गाने नाही, खेळ रचणाऱ्यांनी. म्हणजे सोलो खेळाडूची खरी तक्रार तलवारीची नाहीच, त्याला ती तशी मांडता आलेली नाही एवढंच. त्याची खरी तक्रार अशी आहे : माझ्या बासरीला साजेसं गाणंच तुम्ही लिहिलं नाही. एकट्याच्या कसोटीला उतरेल असं आव्हान नसेल, तर नुसतं गियर वाटून त्याला न्याय मिळत नाही. ती खैरात झाली. आम्हाला खैरात नको.

इथे आपल्या कुस्तीकडे वळू. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून होते. आज विजेत्याला चांदीची गदा मिळते. ती खांद्यावर घेऊन तो मिरवतो, गाव त्याला डोक्यावर घेतं. पण पुढल्या कुस्तीत ती गदा घेऊन तो आखाड्यात उतरतो का? नाही. तिथे पुन्हा दोन उघडी शरीरं आणि लाल माती. गदा मानाची आहे, माराची नाही. ऑनलाइन खेळांनी काय केलं? जिंकलेली गदा पुढच्या कुस्तीत वापरायची मुभा दिली. मान आणि हत्यार एकाच वस्तूत बांधलं. मग जो एकदा पुढे गेला तो जास्तच पुढे जातो, आणि जो मागे राहिला त्याला दर हंगामात जास्त मागे पडल्यासारखं वाटतं. शेवटी ज्याच्या हाती ससा तो पारधी. आमच्या मते या खेळांच्या रचनेतला मूळ दोष हाच आहे. मान ज्याने काम केलं त्यालाच मिळावा, यात वाद नाही. पण हत्यार म्हणजे पुढचा खेळ खेळण्याची ऐपत. ती माणसं किती जमवली यावर ठरता कामा नये, काम किती अवघड केलं यावर ठरावी. बाजार समितीत कापसाच्या धाग्याची लांबी बघतात, ओल बघतात. तो दहा जणांनी वेचला की एकट्याने, हे कोणी विचारत नाही.

या कसोटीवर वॉरक्राफ्टचा हिशेब मांडला तर तो सगळाच वाईट निघत नाही. २०१२ मध्ये या खेळात 'ब्रॉलर्स गिल्ड' आलं. मध्ये रिंगण, रिंगणात एक खेळाडू आणि एक बॉस, भोवती आपल्या पाळीची वाट बघत उभे असलेले बाकीचे. हा तर दंगलीचा फड झाला! एकटा लढतो, पण चारचौघांत लढतो. २०१७ मध्ये 'मेज टॉवर' आला, प्रत्येकाने आपापल्या विद्येनुसार एकट्याने द्यायची परीक्षा. तिचं बक्षीस काय? शस्त्राचं निराळं रूप. ताकद वाढत नव्हती, फक्त बघणाऱ्याला कळायचं की हा गडी पास झाला. अगदी मानाची गदा. दोष एवढाच, की ज्याचं गियर रेडमधून आलेलं भारी, त्याला तीच परीक्षा सोपी जायची. २०२१ मध्ये ती परत आली तेव्हा सगळ्यांच्या गियरचं बळ खाली आणून जवळपास एका पातळीला ठेवलं. तिथे रचनाकारांना मर्म सापडलं होतं असं आम्ही म्हणतो.

मग २०२४ च्या 'द वॉर विदिन'मध्ये 'डेल्व्ह' आल्या : एक ते पाच जणांसाठी छोट्या मोहिमा, आणि सोबतीला संगणकाने चालवलेला ब्रान ब्रॉन्झबियर्ड नावाचा ठेंगू गडी. दर आठवड्याला उघडणारी बक्षिसाची जी मोठी पेटी आहे, तिच्यातही या एकट्याच्या कामाला जागा मिळाली. वीस वर्षांनी एकट्या माणसाला शिडीवर रीतसर पायरी मिळाली, हे मान्य केलं पाहिजे. तरी सगळ्यात वरचा 'मिथ' दर्जा पहिल्या हंगामात मिथिक रेड आणि पाच जणांच्या कठीण मोहिमांपुरताच राहिला. डेल्व्हवाला त्याच्या खालच्या 'हिरो' दर्जाला थांबला. कोणी म्हणेल, एका पायरीचा तर फरक! फरक किती हा प्रश्न नाही. तो फरक कशावर ठरला, कामाच्या कठीणपणावर की डोक्यांच्या संख्येवर, हा प्रश्न आहे.

दुसरे रस्ते नाहीत असंही नाही. 'गिल्ड वॉर्स २' मध्ये सर्वोच्च 'लेजंडरी' चिलखताची ताकद त्याच्या खालच्या दर्जाएवढीच असते. ते हवं तसं बदलता येतं ही सोय, आणि दिसायला भारी, हा मान. 'रूनस्केप'मध्ये २०१४ पासून 'आयर्नमॅन' प्रकार आहे. त्यात खेळाडू कोणाशी देवघेव करू शकत नाही, सगळं स्वतः मिळवायचं. त्याच्या नावापुढे खूण दिसते आणि लोक तिला मान देतात. एकटेपणा तिथे उणीव धरलेला नाही, तो एक व्रत धरला आहे.

आता शेवटचा आक्षेप, जो आम्हाला सगळ्यात जड वाटतो. एकट्याला सगळं मिळू लागलं तर गिल्ड मोडतील, माणसं एकमेकांकडे यायची थांबतील. ही भीती खोटी नाही. आपल्याकडे सावड होती. एक बैलवाला दुसऱ्या एक बैलवाल्याशी जोडी जमवायचा आणि दोघांची वावरं वाहून व्हायची. ट्रॅक्टर आला, गरज संपली, पुष्कळ ठिकाणी सावडही संपली, आणि तिच्याबरोबर बांधावरची भाकरीही गेली. हे नुकसानच आहे. पण म्हणून कोणी ट्रॅक्टर बंद करा म्हणत नाही. ॲलस्डेर मॅकिंटायर यांनी 'आफ्टर व्हर्च्यू' या १९८१ च्या ग्रंथात बुद्धिबळ शिकणाऱ्या पोराचं उदाहरण दिलं आहे. पोराला खाऊचं आमिष दाखवून खेळायला बसवलं. जोवर त्याला फक्त खाऊ दिसतो, तोवर लबाडी न करण्याचं त्याला काही कारण नाही. ज्या दिवशी डावाची गोडी लागेल, त्या दिवशी लबाडी केली तर तो स्वतःलाच फसवेल. गिल्डचंही तसंच आहे. जी माणसं केवळ तलवारीसाठी एकत्र बसतात, ती तलवार मिळाली की उठतात. जी एकमेकांसाठी बसतात, त्यांना शेजारचा एकटा माणूस काय मिळवतो याने फरक पडत नाही. एकट्याची वाट अडवून टिकवावी लागते ती सोबत आधीच अर्धी गेलेली असते.

जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये एक कसोटी सांगितली. नियम ठरवताना आपण कोण असणार आहोत हे आपल्याला ठाऊक नाही असं समजायचं. पॅरिसमध्ये वीस दोस्त घेऊन बसलेला खेळाडू, की दिग्रसमध्ये मध्यरात्री आवाज बारीक करून एकट्याने खेळणारा पोरगा, हे माहीत नसताना तुम्ही गियरचे नियम कसे लिहाल? आम्ही असे लिहू. कठीण आव्हानं एकट्यासाठीही असावीत, आणि ती खरोखर कठीण असावीत. तेवढं कठीण काम करणाऱ्याला तेवढंच धारदार हत्यार मिळावं, उशिरा मिळालं तरी चालेल. आणि वीस जणांच्या पराक्रमाची खूण वीस जणांचीच राहावी : त्यांचा घोडा, त्यांचा झगा, त्यांची पदवी. त्यावर एकट्याने हक्क सांगू नये.

समोर बसलेली जी पोरं रेड करतात, त्यांनी प्रश्नोत्तरांत आमच्यावर तुटून पडावं. एक अट आहे. तुमची गदा मानाची आहे की माराची, एवढं आधी ठरवून उभे राहा.