नाव आणि वर्णन : ट्रायलोबाइटांच्या ओळखीसंबंधी एक विचार

जीवाश्मांचा खाजगी संग्रह करणाऱ्यास पहिला प्रश्न पडतो तो ‘हे काय आहे?’ असा, आणि त्याचे उत्तर म्हणून तो बहुधा एखाद्या नावाची अपेक्षा करतो. हस्तपुस्तकातील चित्राशी नमुना ताडून पाहावा, साम्य दिसताच चित्राखालचे नाव चिठ्ठीवर उतरून घ्यावे आणि ओळख पटली असे समजावे, ही रीत सर्वत्र रूढ आहे. ती सदोष आहे. नाव आणि वर्णन यांची गल्लत हे त्या दोषाचे मूळ असल्याने भाषेच्या अभ्यासकानेही त्याची चिकित्सा करणे अप्रस्तुत ठरू नये.

ट्रायलोबाइटांच्या इतिहासातील एका प्रसिद्ध चुकीपासून आरंभ करणे सोयीचे होईल. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाचा रक्षक एडवर्ड लुइड याने १६९८ साली मार्टिन लिस्टर यास लिहिलेल्या पत्रात वेल्समधील लँडायलोजवळ सापडलेल्या एका जीवाश्माचे चित्र दिले आणि तो चपट्या माशाचा सांगाडा असल्याचे निःशंकपणे सांगितले. तो मासा नव्हता. आज तो ‘ऑगिजिओकॅरेला डेबुची’ या नावाने ओळखला जाणारा ट्रायलोबाइट होय. मधला उंच पट्टा पाठीच्या कण्यासारखा आणि दोन्ही अंगांच्या खाचा काट्यांसारख्या दिसल्या, एवढाच त्या निर्णयाचा आधार.

याच लुइडने १७०७ साली ‘आर्किऑलॉजिया ब्रिटानिका’ या ग्रंथात केल्टिक भाषांची पद्धतशीर तुलना केली, हे ध्यानात घेतले म्हणजे वरील चूक अधिक बोधप्रद वाटते. ‘डोके’ या अर्थाचा वेल्श शब्द ‘पेन’ आणि आयरिश शब्द ‘क्यान’ कानाला दूरचे वाटतात. पण एकीकडचा प-कार आणि दुसरीकडचा क-कार यांची जोडी शब्दामागून शब्दांत आढळते, म्हणून ते सगोत्र ठरतात. उलट ‘बदनाम’मधील फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचे रूप व अर्थ दोन्ही जुळूनही त्यांचा परस्परांशी संबंध नाही. तात्पर्य, एका रूपाचे साम्य हा पुरावा नव्हे. रचनेतील नियमित अनुरूपता हा पुरावा. माशाच्या बाबतीत लुइडने पहिल्यावर विसंबून निर्णय दिला.

त्याच सुमारास त्याने आणखी एका जीवाश्मास ‘त्रिनाभिक, झालरयुक्त’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. शिरोभागावरील तीन फुगवटे आणि भोवतालची झालर यांपलीकडे त्या नावात कसलाही दावा नव्हता. १८३९ साली मर्चिसनने ‘ट्रायन्यूक्लिअस’ म्हणून ते शास्त्रात रूढ केले. ज्या नावाने निर्णय दिला ते बाद झाले. ज्याने वर्णन केले ते टिकले. तरीही माशाची चूक दुरुस्त होऊ शकली, ती चित्र आणि स्थळ यांची नोंद त्याने केली होती म्हणून. १८२२ साली ब्रॉन्यारने प्रचारात आणलेली ‘अ‍ॅग्नॉस्टस’ म्हणजे अज्ञात, ‘असॅफस’ म्हणजे अस्पष्ट, ही नावे तर आपल्या अज्ञानाची प्रांजळ कबुलीच देतात.

खुद्द ‘ट्रायलोबाइट’ हे नावही पुष्कळदा चुकीचे वाचले जाते. वाल्खने १७७१ साली ते योजिले. त्यातील तीन खंड म्हणजे शिर, धड आणि पुच्छ नव्हेत. लांबीच्या दिशेने असलेला मधला अक्ष आणि त्याच्या दोन बाजू हे ते तीन खंड होत.

ओळखीच्या कामात मोजता येणाऱ्या गोष्टींना अग्रक्रम द्यावा. धडावरील वलये पूर्ण वाढलेल्या प्राण्यात बहुधा निश्चित असतात : अ‍ॅग्नॉस्टसमध्ये दोन, असॅफसच्या कुळात आठ, फॅकॉप्समध्ये अकरा, कॅलिमिनीमध्ये तेरा. गुंडाळलेला फॅकॉप्स आणि गुंडाळलेला कॅलिमिनी नवशिक्यास सारखे भासले, तरी वलये मोजताच भ्रम फिटतो. संख्या पुरत नाही तेथे रचनेकडे वळावे. शर्लीने १९३६ साली वेगळा काढलेला ‘फ्लेक्सिकॅलिमिनी’ कॅलिमिनीसारखाच तेरा वलयांचा. पण कॅलिमिनीत गालाकडून निघालेला उंचवटा शिरोमध्याच्या पार्श्वखंडास सामोरा येतो, फ्लेक्सिकॅलिमिनीत तो नसतो. चित्र पाहणाऱ्याच्या नजरेतून हे निसटते. वर्णन लिहिणाऱ्यास मात्र ते पाहावेच लागते.

लांबी-रुंदीचे प्रमाण त्या मानाने अविश्वसनीय. वेल्समधील ‘अँजेलिना सेजविकी’चे नमुने खडकावरील दाबाने कोठे ताणले, कोठे आखडले गेले आहेत, केवळ आकार पाहणारा एका जातीच्या दोन जाती करील. शिवाय पुष्कळ नमुने म्हणजे टाकलेल्या कवचाचे सुटे भाग असतात. एकच प्राणी आयुष्यात अनेकदा कात टाकी, म्हणून नमुन्यांच्या संख्येवरून प्राण्यांची संख्या ठरत नाही. विकतच्या नमुन्यांत, विशेषतः मोरोक्कोतून येणाऱ्यांत, राळेने घडविलेले किंवा दुसऱ्या नमुन्यातून आणून जोडलेले भाग आढळतात. पोथीतील प्रक्षिप्त ओव्या शोधणाऱ्याची सावध दृष्टी येथेही हवी.

यावर असा आक्षेप येईल की, यूटामधील व्हीलर शेलचा ‘एलराथिया किंगी’ चित्रावरूनही अचूक ओळखता येतो. हे खरे आहे. परंतु तेथे स्थळ आणि थर आधीच ठाऊक असल्याने शक्यता मोजक्या उरतात. निम्मे काम चिठ्ठीने केलेले असते, श्रेय मात्र चित्राला मिळते.

आपल्याकडील संग्राहकास हा मुद्दा अधिकच लागू पडतो. ट्रायलोबाइट सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाले. महाराष्ट्राचा बराचसा भाग व्यापणारा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात ते सापडणे शक्य नाही. येथील संग्रहातला नमुना स्पिती वा काश्मीरहून अथवा परदेशातून आलेला असणार, आणि प्रवासात प्रथम हरवते ती चिठ्ठी.

म्हणून चिठ्ठीवर क्रम असावा तो असा : प्रथम स्थळ आणि थर, मग वर्णन, मग नाव, आणि नावापुढे ते कोणी व कोणत्या साली ठरविले याची नोंद. नाव हा अभिप्राय आहे. तो पुढची पिढी बदलील, आणि तिने तो बदलावाही. वर्णन नमुन्यावरून पुन्हा लिहिता येते. स्थळ एकदा हरवले की पुष्कळदा कोणत्याही पांडित्याने परत मिळत नाही.