ब्रिटिश व्यक्तिचित्रातले कापड

ब्रिटिश व्यक्तिचित्रकलेत कापडाचे महत्त्व चेहऱ्याइतकेच आहे. काही काळात तर ते चेहऱ्याहून अधिक होते. तरीही या कलेवर लिहिणारी मंडळी कपड्यांचा विषय निघाला की अवघडतात. २०२४ मध्ये लंडनच्या टेट ब्रिटनमध्ये ‘सार्जंट अँड फॅशन’ हे प्रदर्शन भरले. जॉन सिंगर सार्जंटच्या चित्रांशेजारी त्याच चित्रांतले काही प्रत्यक्ष कपडे मांडलेले होते. काही समीक्षकांनी त्यावर झोड उठवली. कपाटांतल्या झग्यांमुळे चित्रे झाकोळतात, एका थोर चित्रकाराला फॅशनच्या दावणीला बांधले आहे, असा एकूण सूर होता. ही तक्रार जुनी आहे. तिचे तत्त्वज्ञान चित्रकार सर जोशुआ रेनॉल्ड्सने अडीचशे वर्षांपूर्वी मांडले, आणि तेव्हापासून या परंपरेतले उत्तमोत्तम काम चुकीच्या नजरेने पाहिले गेले आहे.

सुरुवातीला असा संकोच कोणालाही नव्हता. चित्रकार होल्बाइनने १५३७ मध्ये व्हाइटहॉल राजवाड्याच्या भिंतीवर रंगवलेला आठवा हेन्री १६९८ च्या आगीत नष्ट झाला, पण त्याच्या प्रतिकृतींत राजाची सत्ता दिसते ती खांद्यांवरच्या रुंद, फुगीर वस्त्रात. त्याच होल्बाइनने १५३८ मध्ये डेन्मार्कच्या क्रिस्टिनाला शोकवस्त्रात रंगवले. प्रत्यक्ष बैठक जेमतेम तीन तासांची होती. काळ्या कापडाच्या त्या उंच आकृतीत उघडे आहेत फक्त चेहरा आणि हात, आणि त्यामुळे ते हात विसरता येत नाहीत. निकोलस हिलिअर्ड मुळात सोनारकाम शिकलेला. तळहातावर मावणाऱ्या लघुचित्रात तो लेसचा प्रत्येक टाका पांढऱ्या रंगाचे उंचवटे देऊन उठवी. कोणत्या दर्जाच्या माणसाने काय ल्यावे हे इंग्लंडात कायद्याने ठरलेले होते. ते कायदे १६०४ मध्ये रद्द झाले. खळ देऊन ताठ केलेली चुण्यांची गळपट्टी रंगवणे म्हणजे त्या माणसाचा दर्जा नोंदवणेच होते. विल्यम लार्किनने १६१३ मध्ये रंगवलेला डॉर्सेटचा अर्ल रिचर्ड सॅकव्हिल आज केनवुड हाउसमध्ये आहे. चेहरा लाकडी, पण बुटांवरच्या गुलाबांपासून मोज्यांवरच्या कशिद्यापर्यंत सगळे जिवंत. या अर्लच्या कपड्यांची जुनी यादी उपलब्ध आहे, आणि चित्रातला पोशाख तिच्यात सापडतो. लार्किनला कारागीर म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी एवढ्या एका गोष्टीचा विचार करायला हवा होता.

व्हॅन डाइक १६३२ मध्ये लंडनला आला आणि त्याने साटीनला प्रकाश दिला. त्याबरोबर एक सवयही लावली: नक्षी कमी करायची, लेस गाळायची, पोशाख कोणत्याही नेमक्या वर्षाचा वाटू द्यायचा नाही. त्याच्या हातात ती कला होती. त्याच्यानंतरच्या लेली आणि नेलर या चित्रकारांच्या हातात तिचा साचा झाला.

अठराव्या शतकात हा साचा कारखान्यापर्यंत गेला. चित्रकाराने चेहरा रंगवायचा आणि कपडे रंगवायला दुसऱ्याकडे द्यायचे, ही रीतच होती. जोसेफ व्हॅन आकेन हा त्यातला सर्वांत नावाजलेला कारागीर. अनेक नामवंतांच्या चित्रांतले रेशीम त्याचे आहे. रेनॉल्ड्सही हे काम पीटर टॉम्ससारख्यांकडून करवून घेई. चालू फॅशन काही वर्षांत हास्यास्पद होते आणि चित्राची प्रतिष्ठा घालवते, म्हणून स्त्रीला उदात्त दाखवायचे तर तिला प्राचीन वळणाच्या वस्त्रात रंगवावे, हे मत रॉयल अकॅडमीचा पहिला अध्यक्ष म्हणून त्याने १७७६ च्या सातव्या व्याख्यानात मांडले. ‘थ्री लेडीज अॅडॉर्निंग अ टर्म ऑफ हायमेन’ या १७७३ च्या चित्रातल्या तिघी बहिणी त्यामुळे कोणत्याच काळाच्या राहिल्या नाहीत. टिकाऊपणाची एवढी काळजी वाहणाऱ्या या चित्रकाराचे लाल रंग मात्र कच्चे होते. चेहऱ्यांवरची लाली त्याच्या हयातीतच उडू लागली.

टॉमस गेन्सबरोने याच्या नेमका उलटा मार्ग धरला. सफोकमधल्या सडबरीचा हा मुलगा; वडील कापडाच्या व्यवसायातले आणि त्यात दिवाळे निघालेले, बहीण बाथ शहरात टोप्या-रिबिनींचे दुकान चालवणारी. कापड हातात घेतले की ते कसे पडते हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते. तो कपडे बहुतेक स्वतःच रंगवी. ‘मिस्टर अँड मिसेस अँड्र्यूज’मध्ये (सुमारे १७५०) निळ्या घागऱ्याचा घेर शेताइतकाच ठाम पसरलेला आहे. काउंटेस हाउच्या चित्रात गुलाबी रेशमावरून पारदर्शक मलमल आणि लेस अशी चढते, की तीन कापडांचे तीन वेगळे वजन डोळ्यांना कळते. पुढे लांब दांड्याचा कुंचला आणि पाण्यासारखा पातळ केलेला रंग घेऊन त्याने ‘द मॉर्निंग वॉक’ (१७८५) रंगवले. तिथे फिती, पिसे, झाडाची पाने आणि कुत्र्याची लव एकाच सळसळीची झाली आहेत. जवळून पाहिले तर नुसते ओरखडे दिसतात, दोन पावले मागे सरकले की गाझ हलते. १७७१ मध्ये लॉर्ड डार्टमथला लिहिलेल्या पत्रात त्याने स्पष्ट म्हटले, की काल्पनिक पोशाख माणसाची ओळखच बिघडवतो. ‘ब्लू बॉय’मध्ये त्याने व्हॅन डाइकचा पोशाख चढवला तो व्हॅन डाइकशी सामना करण्यासाठी; त्या निळ्यात पळवाट नाही.

दोघांची तुलना करायला एकच स्त्री पुरते. नटी सेरा सिडन्सला रेनॉल्ड्सने १७८४ मध्ये शोकांतिकेची देवता म्हणून ढगांतल्या सिंहासनावर बसवले. गेन्सबरोने पुढच्याच वर्षी तिला निळ्या पट्ट्यांचा झगा, पिसांची मोठी काळी टोपी आणि हात आत घालायचा केसाळ मफ यांत, त्या वर्षीच्या लंडनमधली बाई म्हणून समोर आणले. देवतेकडे आदराने पाहिले जाते. गेन्सबरोची सिडन्स मात्र आजही खोलीत बसलेली वाटते. रेनॉल्ड्सने आपली सही कुठे केली? देवतेच्या झग्याच्या किनारीवर.

पण कापड म्हणजे नुसता रंग आणि पोत नव्हे. ते कुठून तरी आलेले असते. भारतातली छापील चिटे लंडनमध्ये इतकी लोकप्रिय झाली, की स्थानिक विणकरांनी १७१९ मध्ये ती नेसलेल्या बायकांवर रस्त्यात हल्ले केले. १७२१ च्या कायद्याने असे सुती कापड वापरण्यावर बंदी आली आणि ती १७७४ पर्यंत टिकली. त्या काळातल्या चित्रांत रेशमाची जी गर्दी दिसते तिच्यामागे आवडीइतकाच हा कायदा आहे. १७८० नंतर पांढऱ्या मलमलीचे युग येते. रॉम्नी, हॉपनर, लॉरेन्स, रेबर्न असे सगळे चित्रकार तिच्यामागे लागले. ढाक्याच्या आडव्या मागावर विणलेले हे तलम वस्त्र होते. क्रॉम्प्टनच्या १७७९ च्या कातण्याच्या यंत्रानंतर ब्रिटनमधले लँकेशायर आणि पेस्ली तिची नक्कल विणू लागले. म्हणजे त्या पांढऱ्या झग्यांच्या रांगेतच बंगालच्या विणकरांची वाताहत लपलेली आहे. ग्रीक पुतळ्यांची आठवण देणारे शुद्ध सौंदर्य म्हणून त्या झग्यांचे कौतुक करणारे ग्रंथ भरपूर आहेत. ढाक्याचे नाव त्यांतल्या फार थोड्यांत येते.

याच काळात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात काम करत होता. त्याने १७९२ मध्ये सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांना एकत्र रंगवले. ते चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. पगडी, वस्त्रे, अलंकार यांतूनच पेशवा आणि कारभारी यांच्यातले अंतर दिसते. रेनॉल्ड्सचे तत्त्व शनिवारवाड्यात एक दिवसही चालले नसते.

व्हिक्टोरियन काळाचा बराच भाग काळ्या कोटांत बुडाला. चित्रकार व्हिस्लर वेगळा. ‘हार्मनी इन ग्रे अँड ग्रीन’साठी आठ-नऊ वर्षांच्या सिसिली अलेक्झांडरचा झगा त्याने स्वतः योजला आणि त्याला भारतीय मलमलच हवी होती. त्याच्यानंतर सार्जंट. १८९४ मध्ये त्याने भर उन्हाळ्यात तरुण ग्रॅहम रॉबर्टसनला लांब जाड ओव्हरकोट घालून उभे केले, कारण त्याला कोटच रंगवायचा होता. १९०७ मध्ये लेडी सॅसूनचा काळा झगा त्याने असा उलगडला, की आतले गुलाबी अस्तर चित्रभर धावते. या बाईचा नवरा एडवर्ड सॅसून मुंबईत जन्मला. ज्यांच्या नावाची गोदी आजही मुंबईत आहे, ते त्याचे वडील अल्बर्ट. त्या अस्तराच्या दिमाखामागे मुंबईचा व्यापार आहे.

टेटमध्ये तो झगा चित्राजवळ ठेवला होता, आणि प्रदर्शनावरची टीका नेमकी इथे निरुत्तर होते. खरा झगा पाहिल्याशिवाय सार्जंटने काय बदलले, कुठे कापड ओढले, कुठे अस्तर वाढवले हे कळूच शकत नाही. चित्रकाराने रेशमावर काय केले ते न पाहता त्याच्या प्रतिभेबद्दल बोलणे हा आळस आहे. कपड्यामुळे चित्र लहान होत असेल, तर गेन्सबरोचे निम्मे काम फेकून द्यावे लागेल.

विसाव्या शतकाने या प्रश्नाला पाठ दाखवली. चित्रकार ल्युशियन फ्रॉइड उघड्या देहाकडे वळला. हॉक्नीने मात्र १९७०-७१ मध्ये फॅशन डिझायनर ऑसी क्लार्क आणि कापडावरची नक्षी करणाऱ्या सीलिया बर्टवेल यांना रंगवताना गेन्सबरोच्या अँड्र्यूज दांपत्याची मांडणी उलटी केली: बाई उभी, पुरुष बसलेला. यिंका शोनिबरे यांनी १९९८ मध्ये तेच अँड्र्यूज दांपत्य मुंडक्यांविना, आफ्रिकेत विकल्या जाणाऱ्या डच छापील कापडात उभे केले. सिंग ट्विन्स यांच्या ‘स्लेव्ज ऑफ फॅशन’ या मालिकेने २०१८ मध्ये लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरीत भारतीय कापडाचा व्यापार आणि साम्राज्य यांचा हिशेब मांडला. कित्येक ग्रंथांनी टाळलेले काम या चित्रांनी केले. लिनेट यिआडम-बोआके काळ सांगणारे कपडे मुद्दाम टाळतात. रंगांवर त्यांची हुकमत मोठी असली, तरी हा रेनॉल्ड्सचाच मार्ग आहे. जोनाथन यो यांच्या २०२४ च्या तिसऱ्या चार्ल्समध्ये गणवेश लाल धुक्यात विरघळला आहे, आणि गणवेशाबरोबर राजाही.

फॅशनला उथळ म्हणणाऱ्यांचा खरा आक्षेप बायका, शिंपी आणि विणकर यांना कलेच्या इतिहासात जागा देण्यावर आहे. तो मान्य करण्याचे कारण नाही. संग्रहालयांनी ‘कॅनव्हासवर तैलरंग’ या ओळीखाली आणखी एक ओळ लिहावी: कापड कोणते, कुठे विणलेले, कोणी शिवलेले. जिथे नाव माहीत आहे तिथे ते द्यावे. सार्जंटच्या १८८९ च्या चित्रात लेडी मॅकबेथ झालेल्या एलन टेरीच्या अंगावर भुंगेऱ्याचे हिरवे पंख शिवलेला झगा आहे. तो अॅलिस कॉमिन्स कार यांनी योजला आणि एडा नेटलशिप यांनी शिवला.